चौथ्या वळणावर इंजिन ठोका चुकले त्याची बखर

श्री. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिले, ऐकीव लिहिले नाही, आणि सजवून लिहिणे येत नाही म्हणून सजविले नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, फाल्गुन वद्य षष्ठी, सोमवार. ते दिवशी दौलतीचे धनी भिवाजी वरच्या वाडीत पाणी उतरवीत असता तालुक्याच्या दवाखान्यातून फोन आला की राणीसाहेब हौसाबाई निवर्तल्या. धन्यांनी फोन कानाशी तसाच धरला आणि दुसऱ्या हातातील पाण्याचा पाइप सोडला नाही, हौद भरेपर्यंत उभे राहिले, मग पाइप गुंडाळला आणि ट्रक घेऊन घाट उतरले. त्या दिवशी इंजिनाने एकही ठोका चुकविला नाही, हे ध्यानात ठेवावे.

दौलत म्हणजे किती, तर एक विहीर, एक पत्र्याची शेड आणि पाठीवर टाकी घेतलेला सहा सिलिंडरांचा जुना ट्रक. वर डोंगरात चाळीस घरांची वाडी, होळी सरली की तेथील झरे आटतात आणि पाऊस पडेपर्यंत हाच ट्रक पाणी पोहोचवतो. घाटास सात वळणे. त्यांतील चौथे असे की ट्रक एका दमात वळत नाही, मध्ये थांबून, मागे घेऊन, पुन्हा काढावा लागतो. हातब्रेक जुना, म्हणून तेथे कोणीतरी उडी टाकून मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवावा लागतो. ते काम अठरा वर्षे हौसाबाईंनी केले. डावीकडची बैठक त्यांची आणि ठोकळा त्यांच्या पायाशी. वाडीस त्यांनी शब्द दिला होता की आमचा ट्रक आहे तोवर तुमचे हंडे कोरडे पडणार नाहीत.

तेराव्या दिवशी धन्यांच्या आत्याबाई बोलल्या की गेल्या माणसाच्या अंगचा धागा घरात ठेवू नये, जीव त्यात अडकतो. धन्यांनी लुगडी दिली, चोळ्या दिल्या, गोधडी दिली, आरशावरचा रुमाल दिला, आणि ट्रकाखाली एका पाइपास बाईंच्या हिरव्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती तीही खाली निजून आपल्या हाताने सोडली आणि दिली. काही ठेविले नाही. मग दुसरे दिवशी ठोकळ्यास हाती लागेल तो माणूस घेऊन पाणी सुरू केले.

पुढे संवत्सर बदलले होते, शोभन नाम. चैत्र सरता सरता इंजिन मिसिंग करू लागले. सपाटीवर बरे चाले, चढावर भरल्या टाकीनिशी गेले की एक ठोका गाळी, मग दोन गाळी, आणि पांढरा धूर टाकून दम सोडी. धनी शहरास गेले. तेथील मोठ्या कारागिरांनी सिलिंडरांत डिझेल फवारणारे सहाही नोझल बदलले, तरी मिसिंग राहिले. मग डिझेलचा पंप उतरवून दुरुस्त केला, तरी राहिले. डिझेलचे पाइप पाहिले ते सगळे कोरडे होते, तेव्हा कोठे गळत नाही म्हणून पाइपांत दोष नाही असे ठरविले, आणि इंजिन म्हातारे झाले, आता मोडीत काढावे, असा निवाडा दिला. इतक्यात दोन खेपा चुकल्या. वाडीच्या ताराबाई स्वतः घाट उतरून आल्या आणि शेडच्या दारात उभ्या राहून बोलल्या, "भिवाभाऊ, हौसाचा शब्द हौसाबरोबर गेला म्हणायचा का? तसं असंल तर सांग, उद्या गुरं सोडतो आणि पोरंबाळं घेऊन खाली येतो." धन्यांनी घरात जाऊन त्यांना पाणी आणून दिले. ताराबाई अर्धेच प्यायल्या, अर्धे बरोबरच्या बाटलीत ओतून घेतले, आणि वैशाख शुद्ध दशमीपर्यंत वाट पाहू, मग उतरू, असे सांगून गेल्या.

मग धन्यांनी दस्तगीर मिस्त्रींस बोलाविले. मिस्त्रींचे वय सत्तर, डोळ्यांनी कमी दिसते, कान शाबूत. हौसाबाईंस ते बहीण मानीत आणि अक्का म्हणत, म्हणून धन्यांस दाजी म्हणत. आल्यावर मिस्त्रींनी कशास हात लाविला नाही, इंजिन चालू करविले आणि बॉनेटवर कोपर टेकून ऐकत राहिले. मग एकेका नोझलचे नट सैल करीत गेले. जो सिलिंडर काम करतो त्याचा नट सैल केला की इंजिन लंगडते, आणि जो काम करीत नाही त्याचा सैल केला तर आवाज बदलत नाही, ही त्यांची रीत. त्या दिवशी तिसरा फितूर निघाला. दुसरे दिवशी पुन्हा पाहिले तर तिसरा चाकरीवर हजर आणि पाचवा गैरहजर. धनी कष्टी जाहले. मिस्त्री मात्र प्रथमच हसले आणि बोलले जे, सहा सरदारांत रोज नवा फितूर निघतो तेव्हा फितुरी सरदारांची नव्हे, त्यांस रसद पोहोचत नाही. मग पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली. सपाटीवर त्या नळीतून डिझेल स्वच्छ गेले. मिस्त्री म्हणाले की चोर चढावरच येतो, तर चढावरच धरू.

वैशाख शुद्ध दशमी, ताराबाईंनी घातलेली मुदत त्या दिवशी संपत होती. टाकी भरली आणि मिस्त्री डावीकडच्या बैठकीवर बसावयास आले, आणि ठोकळा पाहून पायरीवरच थांबले. धनी म्हणाले, "बस, दस्तगीर. रिकामी ठेवून घाट चढत नाही." तीन वळणे गेली. चौथ्यावर ट्रक थांबवून मागे घेतला आणि पुन्हा काढू लागले तो इंजिनाने ठोका गाळला, मग दुसरा, मग एकदम बंद पडले, आणि ट्रक दरीकडे हातभर सरकला. धन्यांनी ब्रेकवर सर्व भार दिला. मिस्त्रींनी सत्तरीत उडी टाकली, गुडघा फुटला, आणि ठोकळा चाकाखाली गेला. चाक ठोकळ्यावर चढले, थरथरले आणि राहिले.

मिस्त्रींनी पुढे येऊन नळी पाहिली, तर तीत डिझेलपेक्षा बुडबुडे अधिक. मग चाकांमागे मोठे दगड लावून दोघे ट्रकाखाली शिरले आणि मिस्त्री टाकीपासून पाइपावर बोट फिरवीत आले. एका जागी पाइप लोखंडी पट्टीवर घासून चकचकीत झाला होता आणि त्यात सुईएवढे भोक. पंप ओढतो तेव्हा त्या भोकातून डिझेल बाहेर येत नाही, वारा आत जातो. म्हणून पाइप कोरडा दिसला आणि शहरचे कारागीर फसले. भोकाशेजारी क्लिपमध्ये एक हिरवा धागा अडकला होता.

"दाजी, इथं काय बांधलं होतं?"

धनी बोलले, "तिच्या लुगड्याची पट्टी होती. मी सोडली."

"का?"

"आत्या म्हणाली, धागा ठेवू नये."

मिस्त्रींनी बोट त्या जागेवरून काढले नाही. "अक्कानं घासणं आधीच पाहिलं होतं. मला सांगायची तर मी पाइप बदलला असता. कुणाला बोलली नाही, आपलीच पट्टी फाडून बांधली." मग बोलले, "तुम्ही धागा दिलात, दाजी. पाइप दिला असं तुम्हाला ठाऊक नव्हतं."

मिस्त्रींनी भोकापाशी पाइप कापून दोन्ही टोकांवर रबरी नळी चढविली आणि तारेने आवळली. ती लोखंडी पट्टीवर घासू नये म्हणून मध्ये काही गुंडाळावयास हवे होते. धन्यांच्या गळ्यात टॉवेल होता, हौसाबाईंच्या माहेरून दुखवट्यात आलेला, तो त्यांनी दातांनी फाडला आणि दिला. मग फिल्टरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, अडकलेली हवा काढली, आणि किल्ली फिरविली. इंजिन खोकले, पुन्हा खोकले, आणि सहाही सरदार हजर झाले. मिस्त्रींनी ठोकळा काढला. पाचवे, सहावे, सातवे वळण गेले आणि नळीत एक बुडबुडा दिसला नाही. वाडीच्या वेशीवर ताराबाई गाठोडे बांधून बसल्या होत्या. आवाज ऐकून उठल्या, गाठोडे तेथेच ठेवले आणि हंडा आणावयास घरात गेल्या.

सारांश इतकाच. दोष सरदारांचा नव्हता, वाटेचा होता, आणि वाट जिने राखली तिने ते सांगितले नाही आणि आम्ही, म्हणजे ही बखर लिहिणाऱ्या धन्यांनी, विचारले नाही. हल्ली इंजिन नीट चालते आणि पाणी रोज वर जाते. दस्तगीर मिस्त्रींचा गुडघा बरा होत आहे. चौथ्या वळणावर ठोकळा लावण्यास कायमचे माणूस नेमणे राहिले आहे.