ब्रेकचं रडणं

मास्तरांनी मागच्या ब्रेकवर पाय दाबला, पेडल पार खाली गेलं आणि मोटरसायकल मात्र पुढेच गेली. हँडलला अडकवलेली शिवलेल्या कपड्यांची पिशवी, मागे बायको, समोर गादीवाल्याचं दुकान. पुढचा ब्रेक होता तो नावापुरता. पण देवाला काळजी! गादीवाल्याने नेमक्या त्याच दिवशी गाद्या उन्हात टाकल्या होत्या. गाडी एका जाडजूड गादीत अलगद रुतली. कुणालाच खरचटलं नाही, पण बायको गादीवरून उठली ती निर्णय घेऊनच.

"शनिवारी भंगारवाला येतोय. ही जाणार."

"अगं, आबांची गाडी आहे ती..."

"आबांनी चालवायला दिली होती, उडवायला नाही. शनिवारपर्यंत थांबायला शिकली तर राहील!"

मास्तर शिंपी होते, त्यांचे वडील आबाही शिंपीच. आबांनी शिवलेले कपडे याच गाडीवरून घरोघर पोचवले होते आणि लहानपणी मास्तर तिच्या टाकीवर बसून शाळेत गेले होते. तिला तराजूत घातलेलं बघणं मास्तरांना जमणार नव्हतं. ते घरी आले तेव्हा आबा दाराच्या बिजागरीला तेल घालत होते. नजर अधू झाल्यापासून शिवण सुटली होती, पण कान शाबूत होते. घरात काही कुरकुरलं, की आबांचं बोट तिकडे वळायचं.

"लागलं का रे कुठे?"

"नाही आबा. गादीवर पडलो."

"मग बरं," आबा म्हणाले आणि बिजागरीकडे वळले.

गॅरेजवाल्याने मागचं चाक काढलं, ड्रम उघडला आणि कपाळावर हात मारला. "मास्तर, ब्रेकचे लायनर तेलात पोहतायत! ते धरणार कशाला आणि कसं?"

"पण तेल आलं कुठून?"

"तेच तर! इंजिन तिकडे, चाक इकडे. चेनचं वंगण म्हणावं तर ते काळं, चिकट. हे पाण्यासारखं." त्याने ड्रम पेट्रोलने धुतला, नवे लायनर बसवले, ब्रेकच्या दांडीचा नट आवळला. "नवे आहेत, थोडे दिवस रडतील. रडू द्या."

गाडी रडायला लागली. कोपऱ्यावर मास्तर वळले, की अख्ख्या गल्लीला कळायचं. पण दोनच दिवसांत रडणं थांबलं आणि त्याबरोबर गाडीचं थांबणंही थांबलं. या वेळी फाटकाजवळची कुंडी गेली. गॅरेजवाल्याने पुन्हा ड्रम उघडला. पुन्हा तेल!

"मास्तर, तुमच्या गाडीला पान्हा फुटतोय."

आता मात्र मास्तरांना भंगारवाल्याच्या भीतीपेक्षा कुतूहलाने घेरलं. त्यांनी तेलात बोट बुडवलं, दुसऱ्या बोटावर चोळलं, नाकाशी नेलं आणि पुन्हा एकदा हुंगलं. जन्मभर ज्या वासात बसले, तो कसा विसरतील? हे शिलाई मशीनचं तेल होतं.

ड्रम धुऊन झाल्यावर घरी येऊन त्यांनी बायकोकडे रोखून पाहिलं. "गाडी जावी असं कुणाला वाटतं?"

"मला."

"मशीनचं तेल कुठे असतं हे कुणाला माहीत आहे?"

"मला. आणि तुम्हाला. बोलायचंय काय ते सरळ बोला! मी तुमच्या चाकात तेल ओतते आणि वर त्याच गाडीवर मागे बसते? इतकी वेडी वाटते का मी?"

मुद्दा बिनतोड होता. दुपारी मास्तर गाडी अंगणातच ठेवून दुकानात जातो म्हणून निघाले आणि मागच्या दाराने येऊन खिडकीआड बसले. बायकोही कुतूहलापोटी शेजारी येऊन बसली.

थोड्याच वेळात आबा अंगणात आले. हातात लांब चोचीची तेलाची डबी. चाचपडत ते मागच्या चाकाशी बसले, डबीची चोच ड्रमच्या फटीत घातली आणि टुक टुक तेल सोडत म्हणाले, "रडू नको गं बाय. म्हातारपणी सांधे दुखायचेच. मी आहे ना."

मास्तरांचा राग जागच्या जागी विरघळला. "आता यांना सांगायचं कसं? आपल्या तेलाने सून गादीवर पडली हे कळलं, तर पुन्हा डबीला हात लावणार नाहीत."

"तुम्ही काही बोलू नका," बायको कुजबुजली आणि संध्याकाळी चहा देताना सहज म्हणाली, "आबा, गाडीचा हॉर्न बंद आहे. ब्रेक ओरडतो म्हणून लोक बाजूला होतात. तो आवाज गेला, की माझं काही खरं नाही बघा."

"असं होय!" आबा दचकले. "आधी नाही का सांगायचं, पोरी?"

गॅरेजवाल्याने तिसऱ्यांदा ड्रम धुतला. लायनर असे घासूनपुसून बसवले, की ब्रेक लागताना आवाजच येईना. शनिवारी सकाळी भंगारवाला तराजू घेऊन दारात, आणि शेवटची परीक्षा म्हणून बायको मागे बसलेली. दोघं गाडीवरून येताना दिसताच गादीवाल्याने गाद्या भराभर आत ओढल्या. मास्तरांनी देवाचं नाव घेऊन ब्रेक दाबला. एक कर्कश किंकाळी फुटली आणि गाडी खिळा ठोकल्यासारखी जागीच उभी राहिली. मास्तर टाकीवर, बायको मास्तरांवर.

गॅरेजवाल्याने चौथ्यांदा ड्रम उघडला. आत पांढरीशुभ्र पूड. मास्तरांनी चिमटीत घेतली आणि बोटांवर चोळून पाहिली. कापडावर खुणा करायचा खडू!

घरी आबा दारातच उभे होते, चेहरा खुललेला. "आला ना आवाज? कालपासून गप्पच होती. म्हटलं, सुनेला वाट कोण देणार? दोन खडू कुटले आणि कागदाच्या नळीने फुंकले आत."

बायकोने कपाळ चोळत अजून ताटकळत उभ्या असलेल्या भंगारवाल्याकडे पाहिलं. "दादा, तुम्ही या आता. थांबते ती. जरा जास्तच थांबते, पण थांबते."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गाडीला नवा कोरा हॉर्न बसवून घेतला आणि अंगणात हौसेने वाजवून दाखवला. आबांनी कान लावून दोनदा ऐकला.

"घसा बसलाय रे याचा," ते म्हणाले आणि डबी आणायला आत वळले.