बायजामावशी आणि बिनधक्क्याचे गिअर

मंडळी, गेल्या महिन्यापर्यंत माझं ठाम मत होतं की आख्ख्या डोंबिवलीत मोटरसायकल चालवता येणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, पंढरी! हल्ली मी रिक्षाने फिरतो. का, ते सांगतो.

माझ्या मुलीचं, समृद्धीचं लग्न ठरलं. आम्ही आगरी. आमच्यात हळदीला धवलारीन लागते, म्हणजे धवले गाऊन लग्नाचे विधी करणारी बाई. तिने तोंड उघडल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लागत नाही. माझी बायको सगुणा गेल्या वर्षी वारली. जाण्याआधी तिने एकच मागितलं होतं. "समूच्या हळदीला शहाडची बायजामावशीच पाहिजे. आपलं लग्न तिनेच लावलंय." मी हो म्हटलं होतं.

पण मावशीची कंबर गेलेली. "चारचाकीत मना वांती व्हते, रिक्षान कंबर मोरते. नाय येवाची मी!"

"माझ्या गाडीवर ये मावशी. एक जरी धक्का लागला तर नाव बदलीन!"

एवढा जोर माझ्या अंगात आला कुठून? तर होणारा जावई देवेश मोटरसायकलच्या शर्यती बघतो. त्याने मला समजावलं होतं. साध्या गाडीत आधी पहिला गिअर सुटतो, मग दुसरा लागतो. मधल्या वेळात चाकाला इंजिनाची ओढच नसते, म्हणून धक्का बसतो. शर्यतीच्या गाडीत पहिला सुटायच्या आधीच दुसरा पकडतो. दुसऱ्याने भार घेतला की पहिला आपोआप मोकळा.

"म्हणजे भरलेला हंडा देतात तसं," मी म्हणालो. "घेणाऱ्याने धरल्याशिवाय देणारा सोडत नाही!"

"बरोब्बर पप्पा! क्लच दाबायला नको, रेस सोडायला नको. वळणावर गाडी आडवी असली तरी हिसका नाही."

"मग आपणही तसंच करायचं!"

"अहो पप्पा, तो गिअरबॉक्सच वेगळा असतो. आपल्या गाडीत..."

पुढचं ऐकायला मी थांबलोय कुठे! जावयाकडून शिकायचं ते शिकून झालं होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी शहाडला गेलो. मावशी म्हणजे वाळलेला बोंबील. तिचं बोचकंच तिच्यापेक्षा जड. ते तिने आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि त्याचे बंद मागच्या दांडीला बांधले.

पहिला गिअर टाकला, गाडी पळवली आणि क्लच न दाबताच दुसरा हाणला. खाड्! गाडी उधळलेल्या रेड्यासारखी उडाली.

"आगो आये!" मागून आवाज आला.

"पहिलाच आहे मावशी. इंजिन गार आहे!"

तिसऱ्याला तिचं डोकं माझ्या हेल्मेटवर आपटलं. चौथ्याला तिने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की माझा श्वास अडकला. मला वाटलं, शाबासकी!

कल्याणच्या पत्रीपुलापाशी ट्राफिक तुंबलं होतं. मी गाडी उभी केली आणि हंड्याची गोष्ट तिला पहिल्यापासून समजावायला घेतली. मागे काहीतरी हललं. म्हटलं, मावशी नीट बसतेय. इतक्यात पुढे फट दिसली. घातली गाडी! दुसरा गिअर टाकला, आणि काय सांगू? मागून ओरडा नाही, गुद्दा नाही, म्हणजे धक्का नाही! तिसरा, नाही! चौथा, लोण्यातून सुरी!

"बघितलंस मावशी? जमलं! आता बोल!"

मावशी गप्प. मला वाटलं, कौतुकाने वाचा बसली. मग मी घरापर्यंत एकटाच बोलत राहिलो. मांडवाला किती बल्ब लावलेत, जावई किती गुणी आहे, सगुणा असती तर कशी मिरवली असती. पाठीला बोचकं टेकलेलं होतंच.

मांडवाच्या दारात बायका हळदीच्या वाट्या घेऊन उभ्या. मी झोकात गाडी लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "उतर मावशी! लागला एक तरी धक्का?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

समृद्धी पुढे आली. "बाबा, कोणाला सांगताय?"

मागे वळून बघितलं. सीटवर बोचकं!

"धवलारीन पाडलीन रं यान!" माझी वहिनी किंचाळली. बायकांनी हळदीच्या वाट्या खाली ठेवल्या. नटलेली समृद्धी पाटावर जाऊन बसली आणि तिचे डोळे भरले. मला मांडवाचा खांब होऊन जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. बाई पडली की मेली, तेही ठाऊक नाही! आणि ज्या एका गोष्टीला मी हो म्हटलं होतं, ती मी पत्रीपुलावर सांडून आलो होतो.

मी गाडी वळवतोय तोच रिक्षा येऊन थांबली. त्यातून मावशी उतरली. दोन्ही हात कमरेवर.

"मेल्या! कंबर सरल करावा उतरले, त पलालास तू! शेजारचा गारीवाला बोंबलतंय, 'ओ काका, तुमची आजी राहिली', त हात हलवून टाटा करतस?"

हेल्मेटमधून मला नीट ऐकू आलं नव्हतं. कोणी ओळखीचा हाक मारतोय असं वाटून मी हात हलवला होता.

"रिक्षात लय धक्के लागले का?" मी हळूच विचारलं.

"एक पन नाय!"

मग ती पाटाशी बसली, घसा खाकरला आणि सुरुवातच अशी केली:

"नवरीचे बापाला गर्व गारीचा जाला,
धवलारीन ईसरून बोचका घरा आनला!"

मांडव हसून हसून आडवा! व्याही तर पोट धरून खुर्चीवरून घसरले. मी हळदीशिवाय पिवळा पडलो. पण हळद लागली. मावशीच्याच गळ्याने लागली.

पाया पडायला आल्यावर समृद्धीने विचारलं, "पण बाबा, अर्धा रस्ता मागे माणूस नाही हे कळलं कसं नाही तुम्हाला?"

सगळ्यांना मी हेल्मेटचं कारण सांगितलं होतं. तिला खरं सांगितलं. "तुझी आई गेल्यापासून मी गाडीवर रोज तिच्याशी बोलतो गं. मागून उत्तर येत नाही, त्याची सवय झालीये."

ती हळदीचा हात माझ्या गालाला लावून तशीच उभी राहिली. मग नाक पुसत म्हणाली, "बाबा, आज मागे आई असती ना, तर तीही पत्रीपुलावरच उतरली असती!"