चादरीआडचं अस्वल

शनिवारी सकाळी दहा वाजता ब्रेकसरांनी टीव्हीवर लहानपणचं कार्टून लावलं आणि दहा वाजून चार मिनिटांनी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावर बेकरीवाल्या अस्वलाने ऐटीत सिगार पेटवला होता, खारीने त्या सिगारमध्ये फटाका दडवला होता आणि आता अस्वल काउंटरखालून दुनळी बंदूक काढत होतं. सरांनी घाईघाईने टीव्ही बंद केला. तरी त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबलेलाच राहिला.

त्या पायावरूनच त्यांचं नाव पडलं होतं. वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्यांनी आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबला होता. आता तो पाय कुठेही दाबला जायचा. लिफ्टमध्ये दाबला जायचा, न्हाव्याच्या खुर्चीत दाबला जायचा, बायको मोठ्या आवाजात बोलायला लागली की तर हमखास.

"अगं, इकडे ये जरा!" सरांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "हे ते नाहीये! मी लहानपणी बघितलेलं हे अस्वलच नाही!"

"अस्वल तेच आहे. तू मोठा झालास," बायको म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती आणि घाबरलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची तिला सवय होती. "तरी मी म्हटलं होतं, ग्रुपवर फुशारकी मारू नकोस."

फुशारकी सरांनी मारली होती, अगदी भरभरून मारली होती. पण कारण तसंच होतं. त्यांच्या मुलीला, चिमीला, नव्या शाळेत जाऊन दोन महिने झाले होते आणि मधल्या सुट्टीत ती अजून एकटीच डबा खात होती. सात वर्षांची पोर, तक्रारसुद्धा करत नव्हती, आणि त्यामुळेच सरांना घास गिळवत नव्हता. मग वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर हल्लीच्या कार्टूनचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी लिहिलं, 'आमच्या वेळचं बेकरीवालं अस्वल आणि खार बघा! काय तो निरागसपणा! शेवटी दोघं भांडण विसरून बाकावर बसतात आणि एक पाव अर्धा अर्धा खातात. मुलांना कोणी हे दाखवलंच नाही!'

त्यावर ग्रुपच्या ॲडमिनबाईंचं उत्तर आलं. 'छान! मग आमच्या मुलांना तुम्हीच दाखवा. शनिवारी चार वाजता तिघांना घेऊन येते.' पाठोपाठ यादी आली. धूम्रपान नको, मद्यपान नको, शस्त्रं नकोत, स्फोट नकोत, मुलांना भीती वाटेल असं काहीही नको. ॲडमिनबाईंचा शब्द म्हणजे वर्गातल्या आयांसाठी सरकारी आदेश होता. त्यांनी एकदा नाक मुरडलं की चिमीच्या शेजारी कोण बसणार?

"रद्द कर," बायको म्हणाली.

"रद्द कसं करू? पोरगी चार दिवसांपासून वाट बघतेय. तिने वर्गात सांगितलंय, माझ्या बाबांचं कार्टून जगात भारी आहे!" सर खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. मग खिडकीशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या आईसमोर येऊन थांबले. "आई, तू मला असलं कसं काय बघू दिलंस गं?"

"मला काय विचारतोस?" आई म्हणाली. "मी ते कधी धड बघितलंसुद्धा नाही."

कार्टून कापायचं कसं ते सरांना येत नव्हतं. शिकायला वेळ नव्हता, कारण अकरा ते तीन गाडीवर चार शिकाऊ होते. त्या दिवशी चौघांचंही काही खरं नव्हतं. सर भर सिग्नलला हिरव्या दिव्यावर ब्रेक दाबत होते आणि तोंडाने पुटपुटत होते, "सिगार, सिगार, सिगारला काय म्हणू?" तिसऱ्या शिकाऊने घाबरून इंडिकेटरऐवजी वायपर लावला आणि तो बंद करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

तीनपर्यंत मात्र युक्ती सापडली. आवाज बंद ठेवायचा आणि गोष्ट आपण सांगायची. जुनी फिल्म आहे, आवाज खराब आहे, असं सांगून टाकायचं. पडद्यावर काहीही दिसो, शब्द आपले! पहिली चार मिनिटं सांभाळली की झालं, शेवट तर आपल्याला पाठच आहे.

चार वाजता पाहुणे आले. एक चष्मेवाला मुलगा, एक दोन वेण्यांची मुलगी आणि ॲडमिनबाईंचा चिरंजीव. हा चिरंजीव दारातच विचारता झाला, "तुमची घंटा दोनदा का वाजते?" तेव्हाच सरांनी मनातल्या मनात त्याचं नाव शंकासुर ठेवलं. चिमी सगळ्यांना उशा वाटत होती. तिचा चेहरा इतका फुलला होता की सरांनी टीव्हीचा आवाज बंद असल्याची पुन्हा एकदा खात्री केली.

"आवाज नाही?" ॲडमिनबाईंनी सोफ्यावर ताठ बसत विचारलं.

"जुनी फिल्म आहे ना. मीच सांगतो. तर मुलांनो, हे अस्वल. याची बेकरी आहे." इथवर सगळं खरं होतं. मग अस्वलाने सिगार तोंडात धरला. "आणि आज अस्वलाला ताप आलाय. म्हणून त्याने तोंडात थर्मामीटर ठेवलाय!"

दारात उभ्या असलेल्या नर्सने डोळे मिटून घेतले.

"थर्मामीटरमधून धूर का येतोय?" शंकासुराने विचारलं.

"कारण... ताप खूप आहे."

तेवढ्यात खारीचा फटाका उडाला. अस्वलाचं तोंड काळंठिक्कर पडलं आणि डोळे तेवढे लुकलुकत राहिले. चष्मेवाला पुढे सरकून बसला होता, तो एकदम मागे सरकला.

"काका, मला पण ताप आला होता. मंगळवारी. आईने तोंडात थर्मामीटर ठेवला होता." त्याचा ओठ थरथरायला लागला. "तो फुटला असता?"

"छे छे! तो अस्वलांचा थर्मामीटर आहे. बघ, आता ते औषध घेतंय!" अस्वलाने काउंटरवरची रमची बाटली उचलून घटाघटा रिकामी केली होती. "खोकल्याचं औषध!"

"अख्खी बाटली?" ॲडमिनबाईंच्या भुवया वर गेल्या.

"डॉक्टरांनीच सांगितलंय," सर म्हणाले आणि त्यांचा पाय फरशीवर दाबला गेला.

अस्वल लटपटत भिंतीवर आदळलं, आणि दोन वेण्यांच्या मुलीने जाहीर केलं की ती यापुढे खोकल्याचं औषध कधीच घेणार नाही. मग बंदूक आली. सरांनी तिला पाव भाजायची नळी केलं. नळीतून धडाधड गोळ्या सुटल्या, तेव्हा गोळ्यांना शेंगदाणे केलं. शेवटी खारीने भट्टीत सुरुंगाच्या लाल कांड्यांचा जुडगा ठेवला आणि वात पेटवली. सर घामाघूम झाले होते. "आणि या वाढदिवसाच्या मेणबत्त्या!" ते ओरडलेच.

अख्खी बेकरी आभाळात उडाली.

"माझा वाढदिवस बुधवारी आहे!" चष्मेवाल्याने भोकाड पसरलं. "मला मेणबत्त्या नकोत! मला वाढदिवसच नको!"

दोन वेण्याही रडायला लागल्या. ॲडमिनबाई पर्स उचलून उभ्या राहिल्या. चिमीने नुसतं बाबांकडे बघितलं. आपण पोरीला मैत्रिणी मिळवून द्यायला निघालो आणि होती नव्हती ती आशाही उडवून दिली, असं सरांना वाटलं. त्यांनी रिमोट दाबला, तर घामेजल्या बोटांनी भलतंच बटण दाबलं गेलं. चित्र थांबलं नाही, उलट आवाज सुरू झाला आणि खोलीत स्फोट घुमायला लागले.

तेव्हा खिडकीशी बसलेली आई उठली. तिने घडी घातलेली मोठी चादर झटक्यात उलगडली, टीव्हीसमोर येऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि चादर झटकत म्हणाली, "आणि मग काय झालं, अस्वल दमलं. खार म्हणाली, चल रे दादा, पुरे झालं भांडण. दोघं बाकावर बसली आणि एक पाव..."

"अर्धा अर्धा खाल्ला," सरांच्या तोंडून निघून गेलं. ते आ वासून बघत राहिले. ती चादर, ते पसरलेले हात, तोच सूर! "आई! तो शेवट तू सांगायचीस?"

"मग कोण सांगणार? एकदा त्या टीव्हीतल्या बदकाची पिसं गेली, तर दोन दिवस जेवला नव्हतास. एवढा भित्रा पोरगा, मी करणार काय? अस्वल लागलं की मी चादर घेऊन उभी!"

"आणि खरा शेवट काय आहे?"

"मला काय माहीत? माझी टीव्हीकडे पाठ असायची."

चादरीमागून ठो, धुडूम असे आवाज येतच होते.

"बाबा," चिमी हळूच म्हणाली, "तो सिगार होता ना?"

"हो," सर खाली मान घालून म्हणाले.

"आणि सुरुंग," दोन वेण्यांची मुलगी नाक पुसत म्हणाली.

"म्हणजे थर्मामीटर फुटत नाही?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नाही रे राजा. मी थापा मारत होतो. सिगारच फुटला आणि बेकरी सुरुंगाने उडाली. अस्वलाला काही होत नाही, ते चित्रातलं आहे."

"मग ठीक आहे," म्हणून चष्मेवाल्याने रडणं थांबवलं. "परत लावा ना, पहिल्यापासून!"

"आजी, चादर!" शंकासुर ओरडला. आजी हलली नाही. तेव्हा ॲडमिनबाईंनी पर्स खाली ठेवली, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "आजी, जरा बाजूला होता का? मलासुद्धा शेवट बघायचाय. आमच्याकडे इथवर आलं की वडील टीव्हीच बंद करायचे."

सगळं पहिल्यापासून लागलं, आवाजासकट. सिगार फुटला तेव्हा चष्मेवाला हसून हसून उशीवरून घसरला. आजी सोफ्यावर बसून पहिल्यांदाच समोरून बघत होती आणि तिचं हसू सगळ्यांत मोठं होतं. चिमीच्या एका बाजूला दोन वेण्या होत्या, दुसऱ्या बाजूला शंकासुर. "सोमवारी डबा खाताना माझ्या शेजारी बस हं," दोन वेण्यांनी तिला सांगितलं. सरांनी ते ऐकलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा उजवा पाय आपसूक सैल पडला.

शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं. अस्वलाने खारीची शेपटी धरली होती आणि ढिगाऱ्यात उरलेल्या भट्टीचं दार सताड उघडं होतं. तो पाय पुन्हा फरशीवर गच्च दाबला गेला. आणि त्याच क्षणी सरांच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. तोंडावर चादर आली होती.

"आई! काय करतेस?"

"गप्प बस. तू नको बघूस. तुला झोप लागायची नाही."

चादरीपलीकडे सगळे एकदम किंचाळले, मग हास्याचा असा स्फोट झाला की शंकासुराला उचकी लागली. ॲडमिनबाई तर डोळे पुसत होत्या. चादर बाजूला झाली तोवर पडद्यावर फक्त 'समाप्त' उरलं होतं.

"काय झालं शेवटी?" सरांनी विचारलं. "अरे, सांगा ना कुणीतरी!"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. ॲडमिनबाईंनी छताकडे बघितलं. चिमी उठून बाबांजवळ आली आणि तिने त्यांच्या हातातला रिमोट अलगद काढून घेतला.

"काही नाही बाबा," ती त्यांचा हात थोपटत म्हणाली, "दोघं बाकावर बसली. आणि एक पाव अर्धा अर्धा खाल्ला."