छताचा भरोसा

आमच्या भोपाळच्या इंद्रपुरीतले सबनीसकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी छताकडे बघतात. मग हातातल्या काठीनं ते ठोकतात, कान टवकारतात आणि म्हणतात, "भरोसा नाही."

कारखान्यात ओतीव लोखंड ठोकून तडे ओळखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, हे मान्य. पण निवृत्तीनंतर माणसानं लोकांची छतं सोडावीत की नाही? टी. टी. नगरच्या एका हॉटेलात ते काठी घेऊन खुर्चीवर चढले, तेव्हा वेटर म्हणाला, "अंकल, छत है, तरबूज नहीं." आमच्याकडे तर त्यांनी प्लास्टरचा पोपडा थेट आमटीत पाडला. वर मलाच म्हणाले, "बघा, सांगत होतो ना?"

या सगळ्याचं मूळ मृणाल. त्यांची एकुलती एक लेक, आईविना वाढलेली. ती झारखंडातल्या एका खाणीत, खोल जमिनीखाली काम करते. विश्वात म्हणे न दिसणारं कृष्णद्रव्य भरलंय. त्याचे कण टिपायला तिथे एक नाजूक यंत्र बसवलंय. जमिनीवर अवकाशातल्या इतर कणांचा मारा फार, तो अडवायला डोक्यावर डोंगराएवढा खडक लागतो. तो खडक काकांच्या छातीवर बसलाय.

"जगात कुणाला सापडलं नाही, हिलाही सापडू नये," ते मला सांगायचे. "कंटाळून वर येईल. इथे भोपाळात कॉलेजात शिकवेल."

खाली मोबाईल लागत नाही. संध्याकाळी वर आली की ती फोन करते. तोवर काका आमच्याकडे बसून चहा गार करतात. परवा दिवेलागण झाली तरी फोन नाही. काका मला बातम्या लावायला सांगत, लगेच बंद करायला सांगत.

"लिफ्ट अडकली असेल," मी म्हणाले. हे बोलायला नको होतं. काका पांढरेफटक पडले.

शेवटी फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, मीटिंग लांबली. यंदाही काही सापडलं नाही. प्रयोग पुढे चालवायचा का, हे आम्हालाच विचारलंय. मी दमले हो. सोडून घरी येऊ?"

मी आनंदानं काकांकडे पाहिलं. ते घसा खाकरून म्हणाले, "घर काय, तुझंच आहे. पण एवढ्यात सोडू नकोस गं. तुमच्याच यंत्रात सापडेल."

फोन ठेवल्यावर मला राहवेना. "काका, हे काय केलंत?"

"'ये' म्हटलं असतं, तर ते माझ्या भीतीनं. त्या भीतीपायी तिनं वर यायला नको," ते म्हणाले आणि चहाचा कप उचलायला गेले. तो काही त्यांना धरवेना.