वगदीचं टेबल आणि सफीनाजचे कप

जागा कमी नसते, डोकं कमी पडतं, असं वगदीचं ठाम मत होतं आणि इम्बाबा वस्तीतल्या चहाच्या दुकानात ते त्याने कुणी न विचारता सगळ्यांना ऐकवलं होतं. लग्नांत कीबोर्ड वाजवून पोट भरणारा हा माणूस आता घरीच गाणं बसवत होता. गायक शहाता गुरुवारी ते ऐकायला येणार होता. पसंत पडलं तर उन्हाळ्यातली सगळी लग्नं वगदीची, नाहीतर मेहुण्याच्या दुकानात टायरमध्ये हवा भरायची.

खोलीत शाळकरी पोराच्या मापाचं एक टेबल तेवढं मावत होतं. बाकीची भिंत नीशने अडवली होती. नीश म्हणजे बायकोच्या, सफीनाजच्या, माहेरहून आलेलं काचेचं कपाट. त्यात सोनेरी काठाचे बारा कप लग्नापासून बसून होते. त्यातून चहा प्यावा, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सफीनाजची अट एकच होती: एका कपाला जरी तडा गेला, तरी टेबलासकट सगळं गच्चीवर, कबुतरांत.

वगदीने मात्र खरंच कमाल केली. कीबोर्ड सरकत्या फळीवर, आवाजाचा मिक्सर भिंतीला उभा, तारा टेबलाच्या पायाला बांधलेल्या, स्पीकर दोन कोपऱ्यांवर आणि त्यांच्याखाली टॉवेलच्या घड्या. फक्त कोपरं अंगाला चिकटवून वाजवावं लागे. पाय बांधलेल्या कोंबडीसारखा दिसतोस, असं सफीनाज म्हणाली. कलेसाठी सोसावं लागतं, असं तो म्हणाला.

पहिला खर्जाचा सूर निघाला आणि बाराही कप किणकिणले. त्याने टॉवेल वाढवले, मग घोंगडी घातली, मग उशी. कप काही ऐकेनात. गाणं चालू असताना मागे कुणीतरी जेवणावळ उरकून भांडी आवरतंय, असंच वाटत होतं.

गुरुवारी सफीनाज भाजीला गेल्याबरोबर त्याने खिळ्यावरची चावी काढली, नीश उघडलं आणि एकेका कपात एकेक मोजा कोंबून वर बशी पालथी घातली. धुतलेले मोजे सहाच निघाले. उरलेल्यांबद्दल त्याने फार विचार केला नाही. कप गप्प झाले.

शहाता आला आणि त्याच्या पाठोपाठ, कुणी बोलावलेलं नसताना, तांता गावाहून सासूबाईही आल्या. आपल्या तिन्ही लेकींच्या लग्नांत गायलेला माणूस घरी येतोय म्हटल्यावर त्या कशाला थांबतात? असा पाहुणा काचेच्या ग्लासातून चहा पिणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि नीश उघडायला सांगितलं. सफीनाज थक्क झाली. चहाने गळा बसतो, असं वगदीने घाईघाईने सुचवून पाहिलं.

"चहाशिवाय माझा गळा उघडतच नाही, मावशी," शहाता म्हणाला.

सासूबाईंनी पहिल्या कपावरची बशी उचलली. तपकिरी मोजा निघाला. दुसऱ्या कपातून काळा निघाला, अंगठ्याशी भोक असलेला. त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि लगेच लांब धरला.

"जावईबापू, बाराही कपांत आहेत?"

"हो, सासूबाई. गाण्यासाठी."

शहाता हसता हसता सोफ्यावरून घसरला. मग त्याने गाणं ऐकलं, ग्लासातूनच चहा प्यायला आणि सगळा उन्हाळा वगदीला देऊन गेला.

मोजा गेलेला कप चारचौघांत मांडता येत नाही, असा सासूबाईंनी निकाल दिला. बाराही कप स्वयंपाकघरात रोजच्या वापराला गेले. पण रिकामं नीश म्हणजे शेजारणींना आयतं कोलीत! सफीनाजने मग घरातल्या सगळ्यात महागाच्या वस्तू पुसूनपुसून आत लावल्या: कीबोर्ड, मिक्सर, स्पीकर. कपाटातला दिवा लावला. धूळ नाही, धक्का नाही, आणि सगळं इतकं चपखल बसलं की वगदीचे डोळे भरून आले. लग्नानंतर प्रथमच त्याच्या धंद्याला सासरच्या कपाटात जागा मिळाली होती.

पहिल्या लग्नाच्या संध्याकाळी शहाताची गाडी गल्लीत हॉर्न वाजवत उभी राहिली. वगदीने खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा होता. जावयावरचा विश्वास उडाल्यामुळे सासूबाई चावी तांत्याला घेऊन गेल्या होत्या. त्याने फोन लावला, वाजवायला निघालोय म्हणाला, रडकुंडीला येऊन चावी मागितली.

पलीकडून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "वेडे की काय तुम्ही? नीशमधली वस्तू कधी वापरायची असते का?"