उसना गंज

धुराड्याच्या तोंडाशी एवढीशी काजळी लावावी, म्हणजे इंजिन खरं वाटेल, असं जावयाच्या मनात आलं आणि तिथून सगळं बिघडलं. माणसाचं वाटोळं मोठ्या चुकीने होत नाही. ते ‘एवढीशी’ने होतं.

इंजिन होतं वीतभर, प्लॅस्टिकचं. खोक्यात चौकटींना चिकटलेले तीनशे बारा तुकडे येतात. ते एकेक कापायचे, घासायचे, सोल्यूशनने जोडायचे आणि रंगवायचे, असा त्या जावयाचा छंद. कुणी पत्ते कुटतं, कुणी शेजाऱ्यांच्या चौकशा करतं, हा तुकडे जोडायचा. नोकरी म्हणाल तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. तीन पुरावे दाखवल्याशिवाय त्याने आजवर कुणाला जन्मू दिलं नाही की मरू दिलं नाही. (एकदा एक म्हातारे गृहस्थ हयातीचा दाखला मागायला आले. हा म्हणाला, “पुरावा?” ते म्हणाले, “हा काय, मीच उभा आहे.” “नुसतं उभं राहून चालत नाही,” हा म्हणाला.) हे ध्यानात असू द्या.

गॅलरीतल्या टेबलावर त्याचा सगळा पसारा. बायकोने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्या टेबलावरचा हक्क सोडला होता, पण नाद सोडला नव्हता. “हे आवराल का कधी?” असं ती रोज विचारायची आणि “वाळतंय,” असं तो रोज सांगायचा. संसार सुरळीत चालला होता.

मग सासरे राहायला आले.

सासरे म्हणजे छत्तीस वर्षं वाफेचं इंजिन चालवलेला ड्रायव्हर. सासूबाई गेल्या, घर रिकामं झालं, आणि एके दिवशी ते न्हाणीघरात पडले. दोन तास तसेच पडून होते. दूधवाल्याने हाक मारली म्हणून कळलं. लेकीने त्यांना हाताला धरून आणलं. ते आले, पण राहिले नाहीत. म्हणजे त्यांची लोखंडी ट्रंक पलंगाखाली गेली ती उघडलीच नाही. दोन सदरे होते पिशवीत, तेच आलटून पालटून घालायचे. “चार दिवस आलोय,” म्हणायचे. चार दिवसांचे दोन महिने झाले. बोलणं तीन शब्दांत आटोपलेलं: हो, नको, बघू. आणि जावयाशी बोलायची वेळ आलीच तर “जावईबापू, आपण जेवून घ्या.” इतक्या आदराने, की जेवण घशाखाली उतरू नये.

सोमवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, “रविवारी निघतो.”

“कुठे, बाबा?”

“घरी.”

“आणि पुन्हा पडलात तर?”

“बघू.”

बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ पूर्ण सोडून भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती. जावई दारात उभा राहिला. त्याला सांत्वन करता यायचं नाही. खिडकीवर तो रोज रडणारी माणसं बघायचा आणि त्यांना फक्त ‘इथे सही करा’ म्हणायचा. तेवढ्यात त्याला आठवण झाली, गॅलरीत इंजिन जवळजवळ तयार आहे. बायकोच्या कपाटातल्या जुन्या फोटोवरून तो महिनाभर ते चोरून करत होता. फोटोत तरुण सासरे हाताची घडी घालून इंजिनाशेजारी उभे होते, आणि इंजिनाच्या कुशीवर आकडा होता, एकोणपन्नास. तोच आकडा याने पाण्यात भिजवून, चिमट्याने उचलून, श्वास रोखून चिकटवला होता.

“अगं, थांबतील ते,” तो म्हणाला.

“कशाने थांबतील?”

“बघू,” तो म्हणाला आणि बायकोने नळ आणखी सोडला.

इंजिन काळंकुळकुळीत, चकचकीत, नव्या बुटासारखं दिसत होतं. इथेच त्याला ती एवढीशी काजळी सुचली. छत्तीस वर्षं राबलेलं इंजिन असं कसं दिसेल? धुराडं काळवंडवलं तर चाकं फारच नवी दिसायला लागली. चाकांवर तेलाचे ओघळ सोडले तर वरचा पत्रा खोटा वाटायला लागला. पत्र्याच्या सांध्यासांध्यात पातळ तपकिरी रंग सोडला, कोरड्या ब्रशने कडा घासल्या, तरी गंज काही मनासारखा येईना. डबीतला गंज तो डबीतलाच.

तो शेजारच्या घड्याळजींकडे गेला.

“घड्याळजी, जरा गंज मिळेल का?”

“काय मिळेल?”

“गंज. तुमच्या फाटकाला आहे ना, चांगला पिकलेला आहे. चमचाभर पुरे.”

घड्याळजी डोळ्यावरचं भिंग काढून बघत राहिले. “साखर मागायला येतात लोक. शिडी मागतात. गंज उसना मागणारे तुम्ही पहिले. परत कधी करणार?”

“तो परत येतोच हो आपोआप.”

औषधाच्या बाटलीत फाटक खरवडून घेऊन तो परतला. मागे घड्याळजींची बायको विचारत होती, “काय न्यायला आले होते?” आणि घड्याळजी सांगत होते, “आपली अब्रू.”

राहिली धूळ. बाहेरची धूळ जाड पडते. वीतभर इंजिनावर ती खडीसारखी दिसते. घरात शोध शोध शोधल्यावर मऊ, राखाडी, पिठासारखी धूळ सापडली ती बैठकीतल्या पंख्याच्या पात्यांवर. बायको त्याच दिवशी पंखा पुसायला स्टुलावर चढली होती.

“उतर! हात लावू नकोस!”

“शॉक बसतो का?”

“धूळ आहे ती.”

“म्हणूनच पुसतेय ना!”

“रविवारपर्यंत थांब. लागणार आहे.”

ती स्टुलावरून उतरली, पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, “बाबा निघालेत, आणि तुम्ही धूळ राखताय.” आणि आत गेली. त्याला फार लागलं. पण धूळ त्याने नीट झटकून कागदावर घेतली.

शनिवारी दुपारी जेवणं झाली. इंजिनावर रुमाल टाकून त्याने ते सासऱ्यांपुढे आणून ठेवलं. वरून शेवटचा वार्निशचा हात द्यायचा राहिला होता, तो दिला की धूळ-गंज कायमचा बसतो. पण वेळ कुठे होता? त्याने रुमाल उचलला. खरं सांगायचं तर काम असं उतरलं होतं की बायकोनेसुद्धा हात तोंडावर नेला. धुराड्यावर काजळीचे थर, पत्र्यावर गंजाचे खवले, डाव्या बाजूने गळलेल्या तेलाचा लांब डाग. आकडा तर धुळीखाली वाचताही येत नव्हता. वाटावं, आत्ता कुठूनतरी दमून येऊन थांबलंय.

सासऱ्यांनी चष्मा लावला. काढला. पुसून पुन्हा लावला.

“हे काय आहे, जावईबापू?”

“तुमचं इंजिन, मामा.”

“माझं?”

“हो.”

“माझं इंजिन असं होतं?”

जावयाला वाटलं, गहिवरले. तो हसून म्हणाला, “फार मेहनत घेतली, मामा. गंज खरा आहे.”

“माझ्या इंजिनाच्या पत्र्यात तोंड बघून माझा आगवाला भांग पाडायचा,” सासरे म्हणाले. आगवाला म्हणजे भट्टीत कोळसा मारणारा गडी. दोन महिन्यांत त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य. ते उठले, काठी न घेता खोलीत गेले आणि दार लोटलं.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. “झालं समाधान? जाणारच होते, आता रुसून जातील. छत्तीस वर्षं ज्या माणसाने डाग पडू दिला नाही, त्याला हे दाखवलंत?”

“मला काय माहीत ते पुसायचे?”

“मला विचारायचं!”

“तुला कळू द्यायचं नव्हतं!”

आतून ट्रंकेची कडी वाजली. खळ्ळ. आज दोन महिन्यांनी ट्रंक उघडली होती, आणि कशासाठी उघडली हे सांगायला ज्योतिषी नको होता. बायको भिंतीला टेकली. जावई इंजिनाकडे बघत राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. याने तर हाताला काजळी लावून दाखवलं होतं.

दार उघडलं. सासरे बाहेर आले ते बाह्या कोपरापर्यंत वर करून. हातात एक घडी घातलेलं पांढरं सुती फडकं.

“बघतोस काय?” ते जावयाला म्हणाले. “पाणी नको, गंजेल. डाग काढायला काय आहे तुझ्याकडे?”

जावयाने मागे वळून बघितलं. ‘तू’ म्हणावं असं मागे कुणी नव्हतं.

“थिनर आहे, मामा.”

सासऱ्यांनी बाटली हुंगली. “चालेल. डबीत काढ. डबी धर. हलवू नकोस.”

आणि ते पुसायला बसले. जावयाने डबी धरली. आठवडाभराची काजळी पाच मिनिटांत उतरली. मग पिकलेला गंज उतरला. मग पंख्यावरची ती पिठासारखी धूळ. डोळ्यांदेखत आपली कमाई अशी फडक्यात जाताना माणसाला काय होत असेल ते जावयाच्या तोंडावर दिसत होतं, पण सासरे तोंडाकडे बघत नव्हते. ते बोलत होते. कोणत्या चढावर वाफ कमी पडायची, भट्टीचं दार उघडलं की भुवया कशा करपायच्या, धुक्यात सिग्नल दिसायच्या आधी कसा कळायचा. मधेच “डबी सरळ!” म्हणायचे.

“फडकं कोरं दिसतंय, मामा,” जावई म्हणाला.

हात जरा थांबला. “तुझी सासू देत असे. दर कामगिरीला एक. जुनं पांघरूण फाडून, उकळून, घडी करून डब्याशेजारी ठेवायची. हे शेवटचं. मी रिटायर झालो त्या दिवशी दिलं तिने. म्हणाली, असू दे. वापरायला इंजिन कुठे होतं?”

आत बायकोने नळ बंद केला होता. तिला सगळं ऐकू येत होतं. बाबा बोलताहेत, आणि नवऱ्याला आगवाल्यासारखं ओरडताहेत, या आनंदात तिला काय करू आणि काय नको असं झालं. तिने स्टूल घेतलं आणि पंखा पुसायला घेतला. आता काय, धुळीचं काम संपलं होतं.

“आकडा शेवटी,” सासरे म्हणाले. “इंजिनाचं तोंड ते. ते शेवटी पुसायचं.”

फडक्याचं एकच कोरं टोक उरलं होतं. ते बोटाला गुंडाळून त्यांनी अलगद आकड्यावर फिरवलं. एकोणपन्नास आरशासारखा उजळला. सासरे वाकले. आणखी वाकले.

“हा आकडा कुठून आणलास?”

“फोटोवरून.”

“आण फोटो.”

फोटो आला. सासऱ्यांनी तो उजेडाकडे धरून बघितला.

“माझं इंजिन सत्तेचाळीस,” ते म्हणाले. “हे काजळ्याचं.”

“कोण काजळ्या?”

“होता एक ड्रायव्हर. जन्मात कधी फडकं मारलं नाही त्याने. त्याचं इंजिन यार्डात आलं की पांढरा सदरा घातलेली माणसं लांब व्हायची.”

“पण मग फोटोत तुम्ही त्याच्याशेजारी का उभे?”

“फोटोवाला आला तेव्हा माझं धुवायला गेलं होतं.”

जावयाच्या हातातली डबी तिरकी झाली, पण या वेळी कुणी ओरडलं नाही.

“लोकांकडे तीन पुरावे मागतोस म्हणे तू?”

“हो.”

“आणि माझ्या वेळी एकच?”

जावयाने डबी सरळ केली. 

सासऱ्यांनी ते काळंमिचकूट झालेलं फडकं उलगडून बघितलं. “काजळ्या आयुष्यभर माझ्या मागे होता. ‘एकदा माझंही पूस ना रे,’ म्हणायचा. मी म्हणायचो, तू मेलास तरी पुसणार नाही. आणि आज हिचं शेवटचं फडकं मी त्याच्यावर घालवलं.” त्यांचे खांदे हलायला लागले. बायको पंख्याखालून धावत आली, बाबा रडताहेत म्हणून. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होते.

मग डोळे पुसून ते म्हणाले, “तू आधी केलं होतंस तसंच दिसायचं ते. हुबेहूब. डाव्या अंगाने तेल गळायचं, तेसुद्धा. करून टाक पुन्हा.”

“काय?”

“घाण. असं चकचकीत बघून लोक म्हणतील काजळ्या सुधारला. खोटा इतिहास नको.”

जावयाने वर बघितलं. पंखा लखलखत होता. बायको पुसलेलं कापड पाठीमागे लपवत होती. त्याने गॅलरीतून शेजारी बघितलं. घड्याळजी फाटकाला हिरवा रंग देत होते. दुसरा हात चालला होता.

“मामा, तशी धूळ पंख्यावर बसायलाच दीड महिना लागतो.”

“आणि सत्तेचाळीस करायचं तर?”

“ते वेगळं. खोकं मागवावं लागेल. सगळं धरून दोन महिने.”

सासऱ्यांनी बोटांवर मोजलं. “म्हणजे साडेतीन. रविवारचं जमत नाही मग.” बाह्या खाली करत म्हणाले, “पुढचं बघू.”

बायको खोलीत गेली. उघड्या ट्रंकेतले सदरे एकेक काढून तिने कपाटात लावले आणि रिकामी ट्रंक माळ्यावर टाकली. फडकं धुवायला घेतलं होतं, तर सासरे म्हणाले, “राहू दे तसंच. कामाचा मळ आहे.” तिने ते तसंच घडी करून ठेवलं.

आता गॅलरीतल्या टेबलावर दोन इंजिनं उभी आहेत, एक लखलखीत आणि एक असं की बघून हात धुवावेसे वाटतात. पंखा पुसायला बंदी आहे, आणि बंदी खुद्द सासऱ्यांची असल्यामुळे बायको काही बोलत नाही. टेबलाची खुर्चीही आता सासऱ्यांची. जावई स्टुलावर बसतो.

परवा घड्याळजी आले होते. सासऱ्यांनी त्यांना दोन्ही इंजिनं दाखवली, काजळ्याची गोष्ट सांगितली, फडकं दाखवलं. घड्याळजी म्हणाले, “वा! आणि हे सगळं केलं कुणी? जावईबापूंनी?”

सासऱ्यांनी स्टुलाकडे बघितलं. जावई ताठ झाला, कौतुकाला माणूस होतो तसा.

“हा आमचा आगवाला,” सासरे म्हणाले. “हाताला बरा आहे. पण याने दाखवलेला आकडा एकदा आपण बघून घ्यावा.”