ओढ्यातला हेडक्लार्क

आधीच सांगून ठेवतो, मी हरलेलो नाही. घरात, जिन्यात आणि ऑफिसात याबद्दल जे काही बोललं जातं ते साफ एकतर्फी आहे. बायको सांगते ते ऐकू नका. मेहुणा सांगतो ते तर मुळीच ऐकू नका, तो विमा विकतो.

सुरुवात टाचणीपासून झाली. जेवताना ती माझ्या घासात आली. बायको शिवणकाम करते आणि जागा नाही म्हणून जेवणाच्या टेबलावरच कापड बेतते. मी अत्यंत शांतपणे (म्हणजे समोरच्या घरात ऐकू जाईल इतपत) विचारलं, "अगं, हे जेवणाचं टेबल आहे की टाचण्यांचं कोठार?"

"मागची खोली मोकळी करून द्या, मग एक टाचणी दिसायची नाही," ती म्हणाली. "शाळेचे साठ गणवेश शिवायचेत मला. एवढं मोठं काम पहिल्यांदा हातात आलंय. या टेबलावर साठ गणवेश होतील का, तुम्हीच सांगा."

आता मागची खोली म्हणजे माझी खोली. तिथे मी मासे पकडायची आमिषं बनवतो. जिवंत किडे वगैरे नव्हेत. लाकडाची, पत्र्याची, रंगवलेली. अकरा वर्षांत दोनशे चौदा आमिषं झाली आहेत (त्यांवर मासे किती आले, हा प्रश्न इथे गैरलागू आहे).

"जमणार नाही," मी म्हणालो.

मेहुणा जेवायला आला होता. तो फिदीफिदी हसला. "भावोजी, तुमचं लाकूड पाण्यात पडलं की मासे सहलीला जातात. आमिष म्हणजे हे!" असं म्हणून त्याने खिशातून एक फिरता चमचा काढला. चमचा म्हणजे पितळेची चकाकणारी पाती, मागे गळ लावलेला. पाण्यात ओढली की गरगर फिरते.

तेवढ्यात समोरचे डॉक्टर पँट आखूड करून न्यायला आले. हे दातांचे डॉक्टर. आयुष्यभर दात उपटले, आता निवृत्तीनंतर चिमट्याने पिसं बांधून खोट्या माश्या बनवतात. "चमचा नाही, लाकूड नाही," ते म्हणाले. "माशाला हवी माशी."

माझं डोकं फिरलं. "रविवारी ओढ्यावर चला! तीन माणसं, तीन आमिषं. माझं आमिष जिंकलं तर या घरात मागच्या खोलीचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही जिंकलं तर?" बायकोने विचारलं.

"तर खोली तुझी. लेखी देतो!"

हे 'लेखी देतो' मला भोवलं. मी बावीस वर्षं रेकॉर्ड विभागात आहे. लेखी म्हटलं की माझा हात थांबत नाही. चौदा कलमांची नियमावली तयार झाली. वेळ सकाळी सहा ते दहा. सर्वांत लांब मासा विजयी. मोजमाप बायको करेल, तिच्याच टेपने. मासा मोजून परत पाण्यात सोडायचा. कलम पाच शिंकण्याबद्दल होतं.

कलम नऊ मात्र खास होतं: 'मासा ज्या आमिषाच्या गळाला लागला असेल, विजय त्या आमिषाचा. दोरी कोणाच्या हातात होती, हे विचारात घेतले जाणार नाही.' हे मी फार दूरदृष्टीने घातलं होतं. काय आहे, मासा लागला की माझे हात थरथरतात आणि दुसऱ्या कोणाला तरी काठी धरावी लागते. तेव्हा उद्या मेहुण्याने 'मी ओढला, म्हणून माझा' म्हणू नये. मी खाली झोकात सही ठोकली.

माझं आमिष म्हणजे हेडक्लार्क. ऑफिसातल्या एका बाद झालेल्या रबरी शिक्क्याची लाकडी मूठ मी तासून, तिला डोळे काढून, हिरवा रंग देऊन ते बनवलं होतं. पाण्यात ते अजिबात घाई करत नाही, म्हणून हे नाव.

रविवारी सहाला आम्ही ओढ्याच्या पुलाखाली हजर. बायको घडीच्या खुर्चीत, गळ्यात टेप, हातात नियमावली. मेहुण्याने पहिल्याच फेकीला आरडाओरडा सुरू केला. "लागला! बाप रे, मोठा आहे!" काठी कमानीसारखी वाकली आणि टण्णकन दोरी तुटली. मासा चमच्यासकट पसार झाला.

"अरेरे," मी म्हणालो. (मला इतका आनंद झाला होता की मी पाठ फिरवली.) मेहुण्याकडे दुसरा चमचा होता, पण त्याला दहापर्यंत शेवाळाखेरीज काही लागलं नाही.

डॉक्टरांनी साडेसातला एक मासा काढला. बायकोने टेप लावली. "सात इंच. बाही धरली तर बाळाच्या झबल्याची."

आणि हेडक्लार्क? हेडक्लार्क कामात होता. तो आधी झाडाला लागला. मग माझ्या टोपीला. मग पुलावरून जाणाऱ्या एका बाईंच्या पिशवीला. त्या बाई जे बोलल्या ते कोणत्याही कलमात बसत नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, आतापर्यंत तुम्हीच सर्वांत लांब लागलाय त्याला."

हसा. मी तसाच पाय रोवून उभा राहिलो. पाण्यात गुडघ्यापर्यंत, बुटात चिखल, पण मागे हटलो नाही. दहाला दहा मिनिटं असताना मी हेडक्लार्क पुलाच्या सावलीत फेकला आणि हळूहळू ओढायला लागलो. एकदम काठीला असा हिसका बसला की मी आडवाच झालो.

"सोडू नका!" मेहुणा धावला. "भावोजी, काठी वर!"

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. हात थरथरत होते, पण सोडतो कसला! बायकोने मागून माझा शर्ट धरला, मेहुण्याने बायकोला धरलं, आणि आम्ही सगळे मिळून चिखलात बसलो. मासा काठावर आला. एकोणीस इंच! बायकोने दोनदा मोजला. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या आमिषाला एवढा मासा!

"खोली माझी!" मी गरजलो. "आता गणवेश शिव जिन्यात!"

बायकोने टेप गुंडाळली आणि ती खाली बघत राहिली. मला क्षणभर कसंतरीच वाटलं. तेवढ्यात डॉक्टर माशापाशी उकिडवे बसले. चाळीस वर्षांची सवय. त्यांनी दोन बोटांनी माशाचा जबडा धरला आणि म्हणाले, "आ करा."

माशाने आ केला.

"खालच्या ओठाला पितळी चमचा आहे," डॉक्टरांनी निदान केलं. "चमच्याला हातभर तुटकी दोरी. आणि तुमचा हा हिरवा गृहस्थ त्या दोरीला अडकलाय. माशाला त्याचा स्पर्शसुद्धा झालेला नाही."

मेहुणा नाचायला लागला. बायकोने नियमावली उघडली आणि कलम नऊ मोठ्याने वाचलं. शांतपणे, एकेक शब्द.

"थांबा!" मी म्हणालो. "कलमाचा अर्थ लावावा लागतो. आणि ते मी लिहिलंय, म्हणून अर्थही मीच लावणार!"

"लावा," बायको म्हणाली. "दोरी कोणाच्या हातात होती, हे विचारात घ्यायचं का?"

मी नियमावली हातात घेऊन चौदाही कलमं पुन्हा वाचली. मासा तेवढ्या वेळात डॉक्टरांकडून चमचा काढून घेऊन परत पाण्यात गेलासुद्धा.

संध्याकाळी मशीन मागच्या खोलीत गेलं. माझी दोनशे चौदा आमिषं पलंगाखाली, कपाटावर आणि फ्रिजच्या डोक्यावर आली. पण मी गप्प बसणारा माणूस नाही. मी अपील केलं. ऑफिसच्या वहीच्या जाड, लांबरुंद कागदावर, अकरा पानं, सुवाच्य अक्षरात. खोलीत जाऊन तिच्या हातात दिलं. तिने पहिलं पान अंगठ्याने चाचपलं, उजेडात धरून बघितलं.

"ठेवा," ती म्हणाली. "बघते."

आठ दिवस मी छाती काढून हिंडलो. प्रकरण विचाराधीन होतं! नवव्या दिवशी निर्णय ऐकायला आत गेलो. टेबलावर निळं कापड पसरलेलं. त्यावर माझी पानं एक ते चार, बाहीच्या आकारात कापलेली, आणि बायको त्यांच्या कडेकडेने खडूने रेघ मारत होती. पान अकरा, म्हणजे माझी अंतिम मागणी, कॉलर झाली होती.

"अहो, किती उपयोगी पडलं!" ती मनापासून म्हणाली. "दुकानातला कागद दोनदा वापरला की फाटतो, हा साठ गणवेशांना पुरेल. आता फक्त खिशाचं राहिलंय. अजून एखादं अपील लिहाल का?"

मी स्पष्ट नकार दिला. माणसाला काही ताठा आहे की नाही? वाटेल ते झालं तरी एक ओळसुद्धा लिहिणार नाही, असं तिला तोंडावर सांगितलं, आणि तेच लेखीही दिलं.

(खिशाला अर्धं पान पुरलं.)